अर्धी माळ

"हा त्रास किती वेळा होतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"उधाणाला," मी म्हटलं.

त्यांचं पेन थांबलं. डॉक्टर देशावरचे. त्यांना वाटलं असावं, बाईला पौर्णिमेचं काहीतरी आहे. मग मी समजावून सांगितलं. आमची बोट डोलीची. डोल म्हणजे लांब पिशवीसारखं जाळं. ते पाण्याच्या ओढीच्या तोंडाशी बांधून ठेवायचं, ओढच त्यात मासळी लोटते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाण्याला जोर, तेव्हा बोटी बाहेर. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी मेल्यासारखं होतं, बोटी बंदरात आणि नवरा अंगणात जाळं शिवत बसलेला. त्यामुळे माझी भीती तिथीवर चालायची. भांगाला मी हसून-खेळून असायचे, चार घरी जाऊन यायचे. उधाण लागलं की रात्री दोनला डोळे उघडे, छातीत धडधड, हातांना मुंग्या आणि मुठीत रोजरीची माळ.

"माळ कशाला?" डॉक्टरांनी विचारलं. तेव्हा मला त्यांचा थोडा रागच आला. भीती वाटल्यावर ख्रिस्ती बाई दुसरं काय करणार?

पण प्रश्न बरोबर होता. पुढचं सगळं त्या माळेचंच आहे. आमच्या कोळीवाड्यात कुणी वाचलं तर म्हणेल, ही रोजरीच्या विरुद्ध बोलते. मी आजही रोजरी म्हणते. कशी म्हणते, ते बदललं.

आमचं घर वसईच्या किल्ल्याच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. पोर्तुगीज इथे १५३४ मध्ये आले, १७३९ मध्ये चिमाजीअप्पाने किल्ला घेतला आणि ते गेले. आमचा ख्रिस्ती धर्म मात्र राहिला. खुरीस, म्हणजे क्रूस, वाटेवर, माळ गळ्यात, बोट पाण्यात. याच वसईचा संत गोन्सालो गार्सिया. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला त्याला क्रूसावर मारलं. लहानपणी त्याच्या सणाला आम्ही नटून जायचो. प्रवचनात दरवर्षी ऐकायचो, ते हुतात्मे गात गात मरणाला सामोरे गेले. मी सात-आठ वर्षांची असेन. मनात पक्कं बसलं की देवाची माणसं घाबरत नाहीत. घाबरतो तो कमी विश्वासाचा. कुणी मला असं शिकवलं नव्हतं, मीच जोडून घेतलं. पण तेव्हापासून कन्फेशनला गेले की खोटं बोलणं, आईला उलट बोलणं या यादीत मी "भीती वाटते" हेही सांगायचे.

लग्न होऊन पाच वर्षं झाली होती तेव्हा फयान वादळ आलं. ११ नोव्हेंबर २००९, बुधवार. अलिबाग आणि मुंबईच्या मधे ते किनाऱ्याला लागलं. आमची बोट चार दिवसांच्या फेरीवर गेलेली आणि वायरलेसवर काही येईना. रत्नागिरीकडून एकेक बातमी यायची आणि मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसासमोरचा घोळका वाढायचा. आम्ही आठ-दहा बायका आमच्या पडवीत जमलो आणि रोजरी सुरू केली. एक संपली की दुसरी. माझ्या शेजारच्या घरातली मावशीही होती. तिचा धाकटा मुलगा त्या हंगामात दुसऱ्या बंदराच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. मधेच उठून मावशीने सगळ्यांना चहा केला, बिनदुधाचा, आलं घालून. पहाटेपर्यंत माझा घसा बसला होता. त्या चहाने बरं वाटलं.

शुक्रवारी दुपारी मी एकटीच माळ धरून बसले होते. रोजरीत येशू आणि मारियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, म्हणजे पाच रहस्यं, एकेक मनात आणत दर रहस्याला मारियेची प्रार्थना, नमो मारिया, दहादा म्हणायची. शुक्रवार म्हणजे दुःखाची रहस्यं. पाचवं रहस्य, क्रूसावरचं मरण, सुरू होतं आणि अर्ध्यावर असतानाच दिराचा पोरगा बंदरावरून ओरडत आला. बोट दिसली.

मावशीचा मुलगा परत आला नाही.

पुढे बारा वर्षं जे झालं ते त्या शुक्रवारच्या एका क्षणातून झालं. पाचवं रहस्य, बोट दिसली. या दोन गोष्टींची गाठ मनात अशी बसली की सुटेना. पुढच्या उधाणाला नवरा निघाला तेव्हा मी मनाशी म्हटलं, पाच रहस्यं पुरी करायची, म्हणजे तो येईल. आणि तो आला. त्याच्या पुढच्या वेळीही आला. दर वेळी आला, कारण बहुतेक बोटी बहुतेक वेळा येतातच. पण माझ्या हिशोबात तो माझ्या माळेवर येत होता.

मग नियम वाढले. कधी वाढले ते कळलंही नाही. आधी रोज एक माळ होती, मग तीन झाल्या. मधेच मनात दुसरा विचार आला तर ती माळ बाद, पुन्हा पहिल्या मण्यापासून. म्हणताना जांभई आली तर बाद. एका माळेत त्रेपन्न नमो मारिया असतात, सुरुवातीचे तीन आणि पाच रहस्यांचे पन्नास. त्रेपन्न झाले की चोपन्न, असा संशय आला तरी बाद. बोंबील वलांडीवर टाकताना दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर लोंबकळत ठेवतात. एका जोडीला एक नमो मारिया, असं मी मोजायला लागले. जोडी हातातून सुटली की मी दोरीच्या पहिल्या टोकाला परत. सासू म्हणायची, "हिचा हात किती सावकाश." कामाला लावलेल्या बायका एकमेकींकडे बघायच्या.

बाहेरून मी भक्तिण होते. ऑक्टोबरात घरोघरी रोजरी फिरते तेव्हा मला पुढे बसवायचे. आतून मी एका सावकाराची देणेकरीण होते आणि व्याज रोज वाढत होतं.

२०१९ च्या दिवाळीत क्यार वादळ आलं. ते ओमानच्या बाजूला वळलं न वळलं तोच अरबी समुद्रात महा उभं राहिलं. बोटी मधेच परत फिरल्या, कुणी कुठल्या बंदरात, कुणी कुठल्या. नवऱ्याचा फोन आला होता, तो सुखरूप एका खाडीत होता, हे मला माहीत होतं. तरी रात्री छाती अशी धडधडायला लागली की मी जाते असंच वाटलं. बोटं वाकडी झाली, तोंडाभोवती मुंग्या. दिराने रिक्षात घालून नेलं. ईसीजी साफ. तिथल्या डॉक्टरने आम्लपित्ताची गोळी लिहून दिली आणि "टेन्शन घेऊ नका" असं सांगितलं. टेन्शन घेऊ नका हे वाक्य औषधाच्या चिठ्ठीवर लिहून का देत नाहीत, मला कळत नाही. दिवसातून तीनदा, जेवणानंतर.

मग कुणीतरी एका प्रार्थनासभेला नेलं. तिथे एका भल्या माणसाने डोक्यावर हात ठेवून भीतीच्या आत्म्याला निघून जायला सांगितलं. मी खूप रडले आणि दोन दिवस हलकं वाटलं. खोटं बोलणार नाही, खरंच हलकं वाटलं. तिसऱ्या दिवशी भीती परत आली आणि आता तिच्याबरोबर एक नवी आली होती. आत्मा गेला नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट असणार. त्या माणसाबद्दल मनात राग नाही. पण भीतीने आजारी असलेल्या माणसाला त्याच्या आत कुणीतरी बसलंय असं सांगताना जरा विचार करावा.

करोनात बोटी थांबल्या, चर्चही बंद. मला वाटलं होतं मी सुटेन. नवरा घरात, मग भीती कसली? आणि १७ मे २०२१ ला तौक्ते आलं. बोटी चार दिवस आधीच आत घेतल्या होत्या. वाऱ्याने पत्रे उडत होते, माडाच्या झावळ्या रस्त्यावर आडव्या. नवरा माझ्या शेजारी घोरत होता, मुलं पलीकडे झोपलेली. आणि मी अंधारात बसून माळेचे मणी ओढत होते, चुकून पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून. पहाटे चार वाजता मनात आलं, समुद्रात कोण आहे माझं आत्ता? कुणी नाही. मग मी कुणाला वाचवतेय? उत्तर आलं नाही, पण हात थांबले नाहीत. त्या रात्री मला पहिल्यांदा वाऱ्यापेक्षा माझ्या हातांची भीती वाटली.

चर्च उघडायला ऑक्टोबर उजाडला. राज्यातली सगळी प्रार्थनास्थळं ७ तारखेला उघडली आणि त्याच आठवड्यात मी कन्फेशनला गेले. आमचे तेव्हाचे फादर वाडीवाले, केळी आणि पानवेलींच्या घरातले. भरती-ओहोटीतलं त्यांना आमच्या सातवीतल्या पोराइतकंही कळत नाही, हे ते स्वतःच सांगतात. मी नेहमीसारखं म्हटलं, भीती वाटते, रोजरी नीट होत नाही, मधेच लक्ष जातं, मग पुन्हा पहिल्यापासून म्हणते.

"किती वेळा पहिल्यापासून?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "काल अकरा वेळा."

जाळीपलीकडे काही आवाज नाही. मग म्हणाले, "पापाचं राहू दे. मिस्सा झाल्यावर बाहेर बाकावर बस. बोलू."

बाकावर आम्ही तासभर बोललो. त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढून दिला. प्रभूची प्रार्थना शिकवण्याच्या आधी येशू काय सांगतो ते वाच, म्हणाले. पुष्कळ बोललं म्हणजे देव ऐकतो असं समजून बडबडू नका, अशा अर्थाचं तिथे आहे. हजारदा ऐकलेलं. मग त्यांनी सांगितलं की चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात, १९९२ चा जो मोठा ग्रंथ आहे त्यात, प्रार्थनेचं फळ नुसत्या बाहेरच्या उच्चारावर आणि विधीवर आहे असं मानण्याला सरळ अंधश्रद्धा म्हटलंय. अंधश्रद्धा! बुधवारी नारळ उतरवून टाकणाऱ्या बाईकडे मी नाक मुरडून बघायचे.

आणि त्यांनी लोयोलाच्या संत इग्नेशियसची गोष्ट सांगितली. येशूसंघ स्थापन करणारा तो माणूस १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावात होता. केलेली पापं पुन्हा पुन्हा कबूल करायचा, तरी वाटायचं काहीतरी सांगायचं राहिलंच. इतका छळ झाला की जीव द्यावासा वाटला. देव शांती देईपर्यंत जेवणार नाही म्हणून त्याने आठवडाभर अन्न सोडलं. शेवटी त्याच्या धर्मगुरूने हुकूम केला, आधी जेव. आणि तो जेवला.

"हा इतका मोठा संत," मी म्हटलं, "आणि असा?"

"संत नंतर झाला," फादर म्हणाले. "आधी जेवला."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"तुझा नवरा फयानमधून आला तो तुझ्या माळेमुळे, असं धरून चालू. मग तुझ्या शेजारच्या घरातला का आला नाही?"

मी गप्प बसले. त्यांना वाटलं मला उत्तर सुचत नाहीये. उत्तर माझ्याकडे होतं. बारा वर्षं होतं, आणि ते मी कुणाला म्हणजे कुणालाच, देवालाही, उघड सांगितलं नव्हतं. त्या रात्री तिसऱ्या रहस्यात मावशी उठली होती. चहा करायला. तिची माळ मोडली होती. माझी मोडली नव्हती.

तो चहा मी प्यायले होते.

हे मी त्या बाकावर बोलले. बोलताना ते माझ्या कानांनी ऐकलं आणि अंगावर काटा आला. देव असा आहे? चहाला उठलेल्या आईचा मुलगा काढून घेणारा? मी कुणाची प्रार्थना करत होते इतकी वर्षं? मला समुद्राची भीती वाटते असं सगळे समजायचे, मीही समजायचे. मला देवाची भीती वाटत होती. तीही धर्मात सांगितलेली आदराची नव्हे. पाळत ठेवणाऱ्या मुकादमाची.

फादर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दोन कामं कर. एक, डॉक्टरकडे जा, मनाच्या. मी मिस्सा करू शकतो, हे माझ्या हातातलं नाही. दुसरं, आजपासून रोजरी तीन रहस्यांची. चौथं आणि पाचवं म्हणायचं नाही. ही माझी आज्ञा. पाप लागलं तर मला लागेल.

डॉक्टरांनी दुसऱ्या भेटीत आजाराचं नाव सांगितलं. इंग्रजीत ओसीडी, तोच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा. मग म्हणाले, "आपल्या मराठीत जुना शब्द आहे, मंत्रचळ." मला तो शब्द झोंबला. चळ लागलेली बाई! पण घरी येताना रिक्षात घोळवत राहिले, मंत्र आणि चळ. ज्याने कुणी हा शब्द केला त्याने माझ्यासारखी एखादी बाई जवळून पाहिली असणार.

गोळीचं थोडक्यात सांगते. पहिले दोन आठवडे मळमळलं, झोप विचित्र. फरक पडायला आठ ते बारा आठवडे लागतात असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून टिकले, नाहीतर दहाव्या दिवशी सोडली असती. सासूचं म्हणणं होतं, गोळी खाल्ली म्हणजे देवावरचा विश्वास संपला. नवरा म्हणाला, "आई, तू बीपीची खातेस ती कुणावरच्या विश्वासाने?" विषय तिथेच मिटला. मला तेव्हा कुठे विचारावं हेही माहीत नव्हतं. २०२२ पासून सरकारचा टेलि-मानसचा फोन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. तेव्हा असता तर इतकी वर्षं गेली नसती कदाचित.

खरं काम गोळीच्या पुढचं होतं. डॉक्टरांकडच्या समुपदेशक बाईंनी एक यादी करायला लावली. कुठली गोष्ट केली नाही तर किती भीती वाटेल, शून्य ते शंभर. मणी न मोजता बोंबील टाकणं, तीस. सोसायटीच्या ऑफिसात बोटीची चौकशी करायला न जाणं, पन्नास. (दिवसातून चारदा जायचे, क्लार्क मला बघून मान खाली घालायचा.) मुद्दाम बावन्न नमो मारिया म्हणून थांबणं, ऐंशी. चौथं रहस्य उघडं सोडून झोपणं, नवरा बोटीवर असताना, शंभर. खालून वर चढायचं. आणि प्रत्येक पायरीवर भीती येऊ द्यायची, तिच्यावर काही उतारा करायचा नाही.

बाई म्हणाल्या, भीती लाटेसारखी असते, येते आणि जाते. मी म्हटलं, बाई, लाट नाही, भरती. लाट आली तशी फुटते. भरती चढून वर थांबते, वाटतं आता ही उतरायचीच नाही, मग हळूच खडकाचं एक टोक दिसतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पहिल्यांदा बावन्नावर थांबले तेव्हा घड्याळ समोर ठेवलं होतं. खडक दिसायला पन्नास मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी चाळीस. चौथ्या दिवशी पुन्हा तासभर, का कोण जाणे.

इथे फादरांची आज्ञा कामाला आली. नुसत्या बाईंनी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, या हिंदू, यांना रोजरीचं काय कळणार. पण ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला, २०२२ चा मार्च, आणि फादरांनी विचारलं, "यंदा काय सोडणार?" लोक मटण सोडतात, दारू सोडतात. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. म्हणाले, "दोन रहस्यं चालू ठेव सोडलेली. आणि उरलेल्या तीनमध्ये शब्दांकडे बघ. मोजू नको, बघ."

मग मी बघायला लागले. एका माळेत प्रभूची प्रार्थना सहा वेळा येते. म्हणजे सहा वेळा मी तुझी इच्छा पूर्ण होवो म्हणत होते आणि मधल्या त्रेपन्न वेळा माझी इच्छा रेटत होते. नमो मारियाच्या शेवटी आपण मारियेला सांगतो, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर. आता, आणि मरताना. दोनच वेळा मागितल्यात. उद्या नाही, पुढचं उधाण नाही. मी आयुष्यभर ही प्रार्थना उद्यासाठी वापरत होते आणि तिच्यात उद्या हा शब्दच नव्हता.

नवऱ्याला हे सगळं सांगायचे. तो धार्मिक कमी, पण वादळाच्या गोष्टीवर त्याचं स्वतःचं मत आहे, मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातल्या. होडीत पाणी शिरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय. प्रवचनात नेहमी त्याने वारा कसा शांत केला ते सांगतात. नवरा म्हणतो, "मला झोपलेला आवडतो. तो सुताराचा मुलगा. होडी चालवणारे पेत्र, आंद्रेय, याकोब, योहान, चौघे अस्सल मच्छीमार. त्याला माहीत होतं, पाण्यातलं यांना कळतं. म्हणून झोपला. तू मला कधी असं झोपून दाखवलंस?" धर्मगुरूंना हा अर्थ पटेल की नाही माहीत नाही. मला लागला.

त्या वर्षीचा पवित्र गुरुवार १४ एप्रिलला होता. रात्री चर्चमध्ये आराधनेला बसलो, गेथशेमने बागेत शिष्यांना तासभर जागता आलं नाही त्याची आठवण म्हणून. दुःखाचं पहिलं रहस्य तेच. येशूला घाम फुटतो, तो जमिनीवर पडून बापाला म्हणतो, होत असेल तर हे टळू दे. तीनदा म्हणतो. टळत नाही. साडेदहाला बाहेर पडून मी बंदराकडून घरी निघाले तर पाणी भिंतीला लागलेलं आणि डोक्यावर पौर्णिमेला दोन दिवस कमी असलेला चंद्र. मी थांबले. येशू त्या बागेत होता ती रात्र यहुद्यांच्या पास्काच्या सणाची, आणि पास्काचा सण पौर्णिमेचा असतो. ईस्टर ठरतो तोच मुळी पौर्णिमेवर, एकवीस मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यापुढचा रविवार. म्हणून पवित्र आठवडा दरवर्षी उधाणातच येतो, बोटीवाल्यांना हे पाठ असतं. पण मी ते कधी उलट फिरवून पाहिलं नव्हतं. त्या बागेतली रात्र उधाणाची होती. तो घाबरला तो उधाणाला.

मी तिथे किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. लहानपणापासून मी भीती हे पाप म्हणून सांगत आले होते, आणि इथे हा, माझ्याच तिथीला, घामाने निथळत. फादरांना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ते म्हणाले, "हे मला सुचलं नसतं." वाडीवाले ना.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. २०२३ च्या जानेवारीत बोटीचं इंजिन बंद पडलं, दुसऱ्या बोटीने ओढून आणेपर्यंत एक अख्खी रात्र गेली आणि मी त्या रात्री नऊ माळा म्हटल्या. नऊ. मोजून. सकाळी नवरा आला, मी त्याच्यासमोर नुसती बसून राहिले. फादरांची बदली झाली होती. बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, पूर्वी अशी रात्र किती वेळा यायची? दर उधाणाला. आणि ही किती महिन्यांनी आली? मी बोटांवर मोजलं, सात. त्या म्हणाल्या, ठीक आहे, आज रात्री पुन्हा तीन. गोळी अजून चालू आहे, कमी मात्रेत. भीतीही अजून येते. छातीवर बसत नाही, उंबऱ्यात उभी राहते.

एक काम राहिलं होतं. ते फादरांनी सांगितलं नव्हतं, यादीतही नव्हतं.

२०२३ चा ऑक्टोबर, महिन्याचा शेवट, पौर्णिमेचं उधाण. बोटी बाहेर. संध्याकाळी मावशीच्या पडवीत गेले. मुलगा गेल्यापासून ती एकटीच असते, मुली लग्न होऊन नायगाव आणि अर्नाळ्याला. ती जवळा निवडत होती, मीही सूप ओढून बसले. बरंच इकडचं तिकडचं झालं. मग मी सांगितलं. मान वर न करता, जवळ्यातले खडे काढत. मावशी, फयानच्या रात्री तू मधेच चहाला उठली होतीस. मला इतकी वर्षं वाटायचं, म्हणून.

पुढचं वाक्य पुरं करता आलं नाही.

मावशीचे हात थांबले. ती मला हाकलून देईल असं वाटलं, आणि द्यायलाच हवं होतं.

"मला पण तेच वाटायचं, बाय," ती म्हणाली. "चौदा वर्षं. तेव्हापासून मी चहा सोडलाय, तुझ्या ध्यानात नाही आलं?"

नव्हतं आलं. शेजारी राहून नव्हतं आलं.

मी तिला फादरांनी मला सांगितलेलं सगळं सांगायचा प्रयत्न केला, इग्नेशियस, मत्तय, चहाला उठलेल्या आईवर रागावणारा देव आपला नाही हे. नीट सांगता आलं नाही, मधेच रडू येत होतं. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. जवळा बाजूला सारून तिने गळ्यातली माळ काढली आणि म्हणाली, चल, म्हणू या. आम्ही सुरू केली. तिचा आवाज जुन्या बायकांसारखा, शेवटी लांबत जाणारा. समोर बंदरावर कुणाच्या तरी बोटीचा दिवा हलत होता, आमची की दुसऱ्याची ते ओळखू येत नव्हतं. तिसरं रहस्य झालं. चौथं तिने सुरू केलं, म्हणून मीही मागून म्हटलं. चार-पाच मणी झाले असतील. मग तिचा आवाज बारीक झाला, मान छातीवर आली. झोपली.

मणी तिच्या बोटांत तसाच होता. मी तो काढला नाही. सूप उचलून ठेवलं, आत गेले, फळीवरचा आल्याचा तुकडा शोधला आणि दोन कप चहाचं आधण ठेवलं.